पत्रकार परिषद झाली, आता कागद कुठला बघायचा?

खाजनकाठ

झोनबदल, खाणी, म्हादई, मोलेच्या जंगलातले तीन प्रकल्प, कॅसिनो, पर्यटकांचे आकडे. गोव्यात वादांचा दुष्काळ कधी पडला नाही. प्रत्येक वादात दोन्हीकडे आकडे असतात, दोन्हीकडे तज्ज्ञ असतात आणि दोघेही गोंयकारांच्या भल्यासाठीच बोलत असतात. कोण बरोबर यावर वेगळे धागे आहेत, तिकडे खुशाल भांडा. इथे फक्त तपासणीविषयी लिहूया: कुठला कागद कुठल्या खात्यात असतो, तो मागायचा कसा, आणि हातात आलेला कागदसुद्धा कुठे फसवतो.

सुरुवात करतो. भाषणातला दावा एका ओळीत लिहून काढायचा. त्यात आकडा, वर्ष आणि जागा या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. येत नसतील तर त्या वाक्यामागे धावण्यात अर्थ नाही. येत असतील तर पुढचा प्रश्न: हे खरं असेल तर वाद पेटण्याआधी कुठल्या दप्तरात याची नोंद झाली असती? वाद सुरू झाल्यावर छापलेला अहवाल, सर्वेक्षण, निवेदन हे कोणीतरी कोणासाठी तरी करवून घेतलेलं असतं. आधीचा कागद दुसऱ्याच कामासाठी बनलेला असतो, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो.

मोलेतून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाचं घ्या. एक बाजू म्हणाली प्रवाशांसाठी, दुसरी म्हणाली मुरगाव बंदरातल्या कोळशासाठी. घोषणांवरून हे कधीच सुटलं नसतं. आहे त्या एकेरी मार्गाची क्षमता किती टक्के वापरात आहे, मालगाड्यांत कुठला माल किती टन जातो आणि बंदराच्या विस्ताराच्या प्रस्तावात किती टन कोळसा गृहीत धरलाय, हे तीन कागद शेजारी ठेवले की चर्चा जमिनीवर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात या दुपदरीकरणाला सबळ कारण दिसत नाही असं म्हटलं. ९ मे २०२२ ला न्यायालयाने त्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. बातम्यांत निकालाचे मथळे आले. समितीचा मूळ अहवाल वाचलेले मात्र कमी.

एकचौदा

चांगला धागा. जमिनीपुरतं मी लिहितो, कारण गोव्यातल्या निम्म्या वादांचं मूळ शेवटी एखाद्या सर्व्हे नंबरातच निघतं.

नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आलं. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेली चूक किंवा विसंगती दुरुस्त करायची, अशी त्याची मांडणी. १३ मार्च २०२५ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. दरम्यान २०२४ मध्ये ३९-अ आलं. त्यात अर्जावरून झोन, म्हणजे आराखड्यातला जमिनीचा ठरलेला वापर, बदलता येतो आणि सूचना-हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. दोन्हींच्या नोटिसा राजपत्रात. राजपत्रातली एक ओळ नीट वाचता आली तर अर्धं काम झालं.

त्या ओळीत अर्जदाराचं नाव, गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि उपविभाग, आराखड्यातला सध्याचा वापर, मागितलेला वापर आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. पहिली फसगत इथेच होते. अर्जदार आणि मालक एकच असतील असं नाही. सर्व्हे नंबर घ्या आणि भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर एक-चौदाचा उतारा (आपला सातबाराच समजा) काढा. कब्जेदाराच्या रकान्याबरोबर कुळाचा आणि ‘इतर हक्क’ हे दोन रकानेही बघा. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) दिसला की प्रकरणाची जातच बदलते.

मग उपनिबंधकाचं कार्यालय. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक १ (स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची कोणालाही फी भरून बघता येते, तुम्ही व्यवहारातले पक्षकार असायची गरज नाही. खरेदीखताची तारीख, झोनबदलाच्या अर्जाची तारीख आणि राजपत्राची तारीख एका कागदावर खाली-खाली मांडा. बागायतीच्या भावाने घेतलेली जमीन चार महिन्यांत ‘चुकून बागायत लागली होती’ म्हणून अर्जात आली, तर पुढे खणायला जागा आहे. विक्रीचा करारनामा नोंदलेला असेल तर तो शब्दन् शब्द वाचा. ‘वापर बदलून मिळाल्यावर उरलेली रक्कम’ अशा अर्थाचं कलम असेल तर जमिनीची किंमत कशावर ठरली होती ते खरेदीखतापेक्षा तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

आता कागद कुठे फसवतात ते. एक-चौदावर पणजोबांचं नाव अजून असतं, कारण म्युटेशन म्हणजे फेरफार कोणी केलेलंच नसतं. कुलमुखत्यारपत्र पुस्तक ४ मध्ये जातं, आणि त्याची प्रत पक्षकारांनाच मिळते. म्हणजे खरा कारभारी मुखत्यारपत्राआड असेल तर सूचीत तो दिसणार नाही. पुढच्या खरेदीखतात ‘तर्फे मुखत्यार’ म्हणून सही येते तेव्हा दिसतो. तिसरी जागा सगळ्यात गुळगुळीत: जमीन कंपनीच्या नावावर असते आणि कंपनीचे शेअर हात बदलतात. जमिनीचा मालक कागदोपत्री तोच राहतो, म्युटेशन होत नाही, उपनिबंधकाकडे कोणी फिरकत नाही.

‘चुकून बागायत लागली’ हा दावा तपासायला वकील लागत नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ चे गाववार नकाशे आहेत. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं आहेत. काजूची, आंब्याची झाडं २००५ मध्येही दिसत असतील तर चूक कसली? उतार मोजायचा तर दोन बिंदूंच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्यातलं आडवं अंतर. शंभर मीटरला पंचवीस मीटर चढ म्हणजे २५ टक्के. त्याहून तीव्र उतार आराखड्यात बांधकामाला वर्ज्य. गूगल अर्थची उंची दाट झाडीत काही मीटरांनी चुकते, तेव्हा २४ आणि २६ वर भांडू नका. चाळीस आली तर बोला.

म्हापशाचा शुक्रवार

उताऱ्यावर भलत्याच गावच्या कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं नाव आहे. कोणाची आहे ते कसं शोधणार? आणि मागे कोणी राजकारणी असेल तर?

टिपणवही

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मूलभूत माहिती फुकट मिळते: नोंदणीची तारीख, नोंदणीकृत पत्ता, भरणा झालेलं भांडवल, संचालकांची नावं. शंभर रुपये भरले की दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रं ठरावीक वेळ बघता येतात. त्यातले दोनच आधी उघडा. एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण, त्यात भागधारकांची यादी. आणि कर्जाच्या बोज्याची नोंद, कारण कंपनीला पैसा कोणी दिला ते तिथे दिसतं. संचालक शोभेचे असू शकतात, कर्ज देणारा सहसा नसतो. भागधारक पुन्हा दुसरी कंपनी निघाली तर तिच्यावर हाच प्रयोग. प्रत्यक्ष लाभधारकाने दहा टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असल्यास तो जाहीर करायचा असतो, त्याचा बीईएन-२ हा फॉर्म दाखल आहे का तेही बघा. नसला म्हणून लगेच काही सिद्ध होत नाही.

विलंब लक्षात ठेवा. एमजीटी-७ मधली यादी ३१ मार्चची असते आणि ते दाखल होतं सहसा नोव्हेंबरपर्यंत. एप्रिलमध्ये शेअर विकले तर नवं नाव दिसायला दीड वर्षाहून जास्त काळ जाऊ शकतो.

राजकारण्याचं नाव जोडायचं तर निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २६. निवडणूक आयोगाच्या साइटवर आहे. त्यात स्थावर मालमत्ता सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख आणि किमतीसह लिहावी लागते, शिवाय कंपन्यांतले शेअर आणि दिलेली कर्जं. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की पाच वर्षांत काय आलं आणि काय गेलं ते कळतं.

गोव्यापुरती एक गोष्ट बाहेरचे पत्रकार हमखास चुकतात. इथे विवाहपूर्व करार नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्यातही कलम ५-अ याचसाठी होतं, मिळकत दोघांत निम्मी-निम्मी मोजायला. तेव्हा ‘जमीन माझी नाही, बायकोची आहे’ हे उत्तर नागपुरात अर्धवट तरी चालेल, मडगावात नाही. खरेदीखतावरही दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे जोडीदाराचं नाव शोधायला वेगळे कष्ट नाहीत.

मानशीवाला

यात भर. एकच प्रकल्प तुकडे करून दाखवायची युक्ती ओळखायची कशी? बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या खाली असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची मंजुरी लागत नाही. समजा लागून असलेल्या तीन सर्व्हे नंबरांत तीन कंपन्या प्रत्येकी १५,००० चौरस मीटर बांधतायत. कागदोपत्री तीन छोटे प्रकल्प, जमिनीवर ४५,००० चा एक. मंजूर आराखड्यात रस्ता एकच आहे का, वास्तुविशारद एकच आहे का, अर्ज एकाच आठवड्यातले आहेत का आणि कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता एकच खोली आहे का, एवढं बघा. गोवा रेराच्या साइटवर प्रत्येक प्रकल्पाचं पान असतं. तिन्ही पानांवर तोच जलतरण तलाव ‘सामाईक सुविधा’ म्हणून दिसला तर मला वेगळा पुरावा नको.

दिवचलकार

सगळं ठीक, पण एका गोष्टीला आडवा येतो. या धाग्याचा सूर ‘हितसंबंध सापडला, विषय संपला’ असा होत चाललाय. हितसंबंध सापडला म्हणजे दावा कुठे तपासायचा ते कळलं. तो खोटा ठरला असं नव्हे.

खाणींचं बघा. २०१० साली एनसीएईआर या दिल्लीतल्या अर्थसंशोधन संस्थेने गोव्यातल्या लोहखनिज व्यवसायाच्या योगदानावर अभ्यास केला. तो खनिज निर्यातदारांच्या संघटनेने करवून घेतला होता. एवढ्यावर अनेकांनी तो केराच्या टोपलीत टाकला. मग खाणी बंद झाल्यावर डिचोली, सत्तरी, सांगेत ट्रकांचे हप्ते थकले, बार्जेस गंजल्या, गॅरेजं बंद पडली, हे काय निर्यातदारांनी छापून आणलं होतं? पैसे कोणी दिले हे बघून अभ्यासाचा कुठला भाग खरवडायचा ते ठरवा. अशा अहवालात थेट रोजगाराचा आकडा बहुधा बरा असतो, कारण तो पगारपत्रकावरून तपासता येतो. शंका घ्यायची ती ‘अप्रत्यक्ष’ (पुरवठादारांकडचा रोजगार) आणि ‘प्रेरित’ (पगार खर्च झाल्याने तयार होणारा) या दोन पायऱ्यांवर. तिथे एक गुणक लावलेला असतो. गुणक कुठून आला, तो गोव्याचा आहे की देशभराचा, आणि ट्रकमालक, ड्रायव्हर नि चहावाला दोनदा मोजलेत का, हे विचारा. त्याला पुन्हा कुटुंबातल्या माणसांनी गुणलं की ‘अवलंबून असलेले’ तयार होतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख आहे. कुठलाही ‘अवलंबून’ आकडा आधी तिच्याशी ताडून बघा.

आणि हाच चिमटा दुसऱ्या बाजूलाही लावा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा सुमारे ३५,००० कोटींचा आकडा दहा वर्षं प्रत्येक सभेत ‘लुटलेला पैसा’ म्हणून फिरला. तो नियमबाह्य ठरवलेल्या खनिजाच्या किमतीचा अंदाज होता. बुडालेली रॉयल्टी वेगळी, नफा वेगळा, विक्रीमूल्य वेगळं. तिन्ही सरमिसळ केली की कोणीही काहीही म्हणू शकतो.

आकडेमोड

दिवचलकार, पूर्ण सहमत. त्यातच आधारवर्षाचं घाला. खाणबंदीने झालेलं नुकसान मोजताना बहुतेक वेळा २०१०-११ शी तुलना होते. त्या वर्षी गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं, आणि तेव्हाच्याच उत्खननाची तर चौकशी झाली. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. म्हणजे ‘बंदीमुळे गेलं’ असं म्हणताना तुलना दोन कोटींशी करायची की पाच कोटींशी? नुकसानाचा आकडा तिथेच अडीचपट होतो, एकही नवा ट्रक मध्ये न येता. २०१८ च्या निकालानंतर, ज्यात ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, हाच खेळ पुन्हा झाला.

पर्यटनातही तसंच. २०१९ मध्ये देशी पर्यटक सुमारे ७१ लाख, विदेशी ९.३७ लाख. २०२४ मध्ये देशी ९९ लाखांवर, विदेशी पावणेपाच लाखांच्या आत. ‘पर्यटकांनी कोटीचा टप्पा ओलांडला’ हे खरं. ‘विदेशी पर्यटक निम्म्यावर आले’ हेही खरं. दोघांनी एकाच तक्त्यातून आपापली ओळ उचलली. तुलना २०२० किंवा २०२१ शी केलेली दिसली तर पुढे वाचूच नका, त्या वर्षांशी ताडलं की सगळंच वाढलेलं दिसतं. विमानतळाचे ‘प्रवासी’ म्हणजे पर्यटक नव्हेत. त्यात येणारे आणि जाणारे दोन्ही धरतात, आणि मुंबईहून चतुर्थीला घरी आलेला आपला भाऊही. विदेशींची मोजणी तुलनेने भक्कम असते, कारण हॉटेलाला त्यांची माहिती सरकारला कळवावी लागते (पूर्वीचा सी फॉर्म). देशी पर्यटक नोंदणी नसलेल्या व्हिलात उतरला तर कुठल्या वहीत येणार?

सत्तरीची वाट

म्हादई कोणीच घेतली नाही, मग मी घेतो.

म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर १४ ऑगस्ट २०१८ चा लवादाचा निवाडा आला त्या दिवशी गोवा आणि कर्नाटक दोन्ही राज्यांत पेढे वाटावेत अशा बातम्या होत्या. कर्नाटकला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आता १३.४२ फोडा. त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी, ते पाणी टर्बाइनमधून पुन्हा खोऱ्यातच येतं. उरले ५.४. त्यातले १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी. मलप्रभेत वळवायला मिळाले ते ३.९: कळसातून १.७२, भांडुऱ्यातून २.१८. या दोन नाल्यांतून वळवण्याची कर्नाटकची मागणी ७.५६ ची होती. म्हणून बेळगावचा नेता १३.४२ म्हणतो, पणजीचा ‘मागितलं त्याच्या निम्मंच’ म्हणतो आणि दोघेही निवाड्यातलंच वाचत असतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ही फोड पाठ नसेल तर कोणाचीही फेक ऐकून घ्यावी लागते.

पुढची फेक टक्क्यांची. लवादाने खोऱ्यातलं पाणी ७५ टक्के विश्वासार्हतेने १८८.०६ टीएमसी धरलं. ३.९ भागिले १८८ म्हणजे दोन टक्के. ‘फक्त दोन टक्के पाण्यासाठी एवढा आरडाओरडा?’ इथे भाजक बघायचा. १८८ हा अख्ख्या खोऱ्याचा, अख्ख्या वर्षाचा आकडा. त्यातलं बहुतेक पाणी पावसाच्या चार महिन्यांत समुद्राला मिळतं. वळवायचंय ते डोंगरमाथ्यावरच्या दोन नाल्यांतून. तुलना करायची तर त्या नाल्यांच्या आवकेशी, महिन्यागणिक. पाणी कुठल्या महिन्यांत उचलणार ते प्रकल्प अहवालात दिलेलं असतं. जून ते ऑक्टोबर म्हटलं असेल तर ‘उन्हाळ्यात नदी आटणार’ हे आपल्या बाजूचं वाक्य तसंच्या तसं टिकत नाही. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर उन्हाळ्यातले झरे किती चालतात हे वेगळं दाखवावं लागतं. गांजेच्या मोजणी केंद्रावरच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी आहेत. वादात त्या फारच थोडे जण काढतात, कारण त्यांनी कोणाचंच भाषण रंगत नाही.

म्हादई अभयारण्याच्या भागातल्या व्याघ्र प्रकल्पाचा वादही याला चिकटलेला आहे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने अधिसूचना काढायला सांगितल्यावर हजारो लोक उठवले जाणार अशी हवा झाली. गावनिहाय घरं मोजून गाभा क्षेत्र आणि बफर वेगळे काढा. वन्यजीव कायद्याच्या ३८-व्ही मध्ये स्थलांतर स्वेच्छेचं आहे हे वाचा, आणि मग ग्रामस्थांची भीती कुठून येते तेही समजून घ्या: वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं अडकलेत, ज्याचा हक्कच कागदावर नाही त्याची स्वेच्छा कोण विचारणार. अफवा पसरवणाऱ्यांचा हितसंबंध शोधाच, पण ऐकणाऱ्यांच्या भीतीला खरा आधार आहे हे विसरू नका.

म्हापशाचा शुक्रवार

जनसुनावणीत ‘लोकांचा पाठिंबा’ दाखवतात त्याचं काय? आमच्या भागात बसमधून माणसं आणली म्हणतात.

मानशीवाला

२००६ च्या अधिसूचनेत सुनावणीची किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना हवी आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत वगैरे ठिकाणी वाचायला ठेवायला हवा. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. पाच माणसं आली तरी ती होते, तेव्हा ‘कोणी आलंच नाही म्हणजे विरोध नाही’ या वाक्याला वजन नाही, आणि पाचशे हात वर झाले यालाही नाही. तिथे मतदान नसतंच. मुद्दे नोंदले जातात, अर्जदाराला त्यांची उत्तरं द्यावी लागतात आणि ती अंतिम अहवालात यावी लागतात. म्हणून घोषणा देण्यापेक्षा लेखी हरकत द्या, पोच घ्या. चित्रीकरण बंधनकारक आहे. त्याची प्रत आणि इतिवृत्त माहिती अधिकारात मागा, मग बसमधले किती ते चेहऱ्यांवरूनच कळेल.

अहवालात आधी नमुने घेतल्याचे महिने शोधा. बहुतेक ठिकाणी एकाच ऋतूची आकडेवारी असते आणि तो ऋतू पावसाळा नसतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मार्च-मे चे नमुने घेऊन पाण्याच्या निचऱ्यावर ‘परिणाम नगण्य’ लिहिलेलं असतं. दुसरं, झाडा-पक्ष्यांच्या यादीत इथे न आढळणारी जात दिसली तर मजकूर दुसऱ्या अहवालातून उचललाय. हे अगदी लहान वाटतं, पण सुनावणीत याच मुद्द्यावर सल्लागारांची बोबडी वळते.

आणि ‘गावाने ठराव घेतला’ म्हणतात तेव्हा कोणाचा ठराव ते विचारा. ग्रामसभेचा की पंचायत मंडळाचा? सात किंवा नऊ पंचांनी आपल्या बैठकीत घेतलेला ठराव वर्तमानपत्रात ग्रामसभेचा होऊन येतो. इतिवृत्ताची प्रत मागितली की फरक दिसतो.

टिपणवही

नव्या संघटनांबद्दल थोडं. वाद पेटल्यावर महिन्याभरात ‘बचाव’ किंवा ‘भूमिपुत्र’ नावाची संस्था उगवते. संस्था नोंदणी कायदा १८६० च्या कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादी दरवर्षी द्यायची असते, आणि कलम १९ प्रमाणे निबंधकाकडचे कागद कोणालाही बघता येतात. मूळ कायद्यात पाहणीची फी एक रुपया! संस्थापकांपैकी कोणी ठेकेदाराचा कर्मचारी निघतो का, पत्ता कोणाच्या ऑफिसचा आहे, बस्स. फेसबुक पानाच्या पारदर्शकता विभागात पान कधी बनलं आणि त्याचं नाव किती वेळा बदललं ते असतं. काल ‘गोवा फूड लव्हर्स’ असलेलं पान आज खाणींवर बोलत असेल तर समजून जा. राजकीय जाहिरातींचा खर्च मेटाच्या जाहिरात संग्रहात दिसतो, तोही अंदाजे पट्ट्यात. पैसे घेऊन केलेल्या साध्या पोस्टी तिथे येत नाहीत.

वर्तमानपत्रांचं. दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकांत मालकीचं निवेदन छापायचं असतं, फॉर्म ४ म्हणून ओळखलं जातं ते. आतल्या पानावर बारीक टायपात. मालक, आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त हिस्सा असलेले भागधारक. गोव्यातली दैनिकं दीर्घकाळ खाण-उद्योग घराण्यांची होती हे जगजाहीर आहे, पण तेही दर वर्षी ताजं करून घ्यावं लागतं. घराणी धंदे विकतात. एका मोठ्या घराण्याने २००९ मध्येच आपला खाण व्यवसाय विकला. पंधरा वर्षांपूर्वीचं मालकीचं चित्र डोक्यात ठेवून आजचा अग्रलेख वाचलात तर चुकाल. मालकापेक्षा पुरवणी बघा. पूर्ण पानाचा मजकूर, बायलाइन नाही, कोपऱ्यात ‘प्रायोजित’ किंवा ‘माध्यम उपक्रम’ असं काहीतरी, आणि त्याच आठवड्यात त्याच गटाची अर्ध्या पानाची जाहिरात.

आकडेमोड

> काल ‘गोवा फूड लव्हर्स’ असलेलं पान आज खाणींवर

😄 उलटही होतं. मोहीम संपली की तेच पान लॉटरीचं होतं.

एकचौदा

एक सावधगिरी. नावं जोडताना घाई नको. गोव्यात एकाच गावात तेच नाव आणि तेच आडनाव असलेली तीन-तीन माणसं असतात, त्यात ख्रिस्ती घरांत आजोबांचं नाव नातवाला. वडिलांचं नाव आणि संचालक क्रमांक जुळल्याशिवाय ‘हा तोच’ लिहू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. तिथे नुसतं ‘खरं होतं’ पुरत नाही, सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. वाक्य नेहमी कागदाला चिकटवून लिहा: अमुक तारखेच्या उताऱ्यावर अमुक नाव आहे. का आणि कशासाठी, हे वाचणाऱ्यावर सोडा.

म्हापशाचा शुक्रवार

आरटीआयमध्ये ‘झोन का बदलला’ विचारलं, ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा फाईल मागितली तर ‘त्रयस्थाची व्यापारी गुपितं’ म्हणून नकार. आता?

खाजनकाठ

‘का’ विचारलंत तिथेच माहिती अधिकाऱ्याला पळवाट मिळाली. कारणं शोधून सांगणं, मत देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. दप्तरात असलेलं द्यायचं एवढंच. तेव्हा ‘सर्व्हे नंबर अमुक, गाव अमुक, या प्रस्तावाच्या फाईलची टिप्पणी आणि पत्रव्यवहार, अमुक ते अमुक तारीख’ असं मागा. टिप्पणी ही माहितीच आहे, कलम २(च) मध्ये मतं आणि सल्लाही येतात. सोबत कलम २(ञ) खाली प्रत्यक्ष पाहणी मागा. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. कागद दुसऱ्या खात्यात असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा त्यांनी, तुम्ही पुन्हा रांगेत उभं राहायचं नाही.

त्रयस्थाचं कारण दिलं तर दोन गोष्टी. कलम ११ खाली त्या त्रयस्थाला पत्र गेलं होतं का, आणि त्याने दहा दिवसांत काय हरकत घेतली, त्याची प्रत मागा. हरकत कोणी आणि कोणाच्या लेटरहेडवर घेतली यातच पुष्कळदा हवं ते नाव मिळतं. दुसरं, कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेली फाईल देता येते. आर्थिक ताळेबंद झाकूद्यात, नगर नियोजकाचा स्थळपाहणी अहवाल हे कुठल्या कंपनीचं गुपित? पहिलं अपील तीस दिवसांत खात्यातल्याच वरिष्ठाकडे, दुसरं नव्वद दिवसांत गोवा राज्य माहिती आयोगाकडे. तारखा चुकवू नका, बाकी सगळं दुरुस्त होतं.

पाहणीला जाल तेव्हा फाईलच्या दोन बाजू वेगळ्या बघा: एकीकडे टिप्पणीची पानं, दुसरीकडे पत्रव्यवहार. टिप्पणीच्या समासात ‘प. क्र. १७ पाहावे’ असं असेल आणि पत्रव्यवहारात सोळानंतर अठरा असेल, तर तिथेच बसून कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा, आवक विभागाचा शिक्का घ्या, आणि सतरा नंबरचं पान नावानिशी मागा. हाताळणीच्या नोंदवहीत फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती तेही लिहिलेलं असतं. त्या पानाचा फोटो काढायला विसरू नका. परवानगी नाही म्हणाले तर तारखा वहीत उतरवून घ्या.